'डिसेंबरमध्ये पाठवा' : मराठी संपादकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील मराठी दैनिके आणि वृत्तवाहिन्या यांच्या संपादकांस,

सप्रेम सलाम.

'सलाम' वाचून थबकू नका. नगरकडचे जुने मराठी ख्रिस्ती एकमेकांना भेटले की सलामच म्हणतात. पत्राच्या शेवटी 'प्रभूच्या नावात सलाम' लिहितात. माझ्या आजीच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता, आणि तिला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. मी नगरची, एका शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण या वयात जिभेला वळण लावणे अवघड, म्हणून पत्रभर नगरच म्हणते.

पत्र लिहायचे कारण सांगते. काही वर्षांपूर्वी 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिदिनासाठी मी एका दैनिकाकडे नऊशे शब्दांचा लेख पाठवला होता. दैनिकाचे नाव सांगत नाही. तिथे दुसरे असते तरी वेगळे घडले नसते, असे मला वाटते. लक्ष्मीबाई गेल्या त्या २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, म्हणून लेख पंधरा दिवस आधी पोहोचेल असा पाठवला. फोन आला. उपसंपादक मुलगा होता, अतिशय नम्र. म्हणाला, "मॅडम, लेख छान आहे. पण ख्रिश्चन विषय आम्ही डिसेंबरमध्ये घेतो. डिसेंबरमध्ये पाठवा ना."

मी विचारले, "लक्ष्मीबाई टिळक हा ख्रिश्चन विषय?"

तो गडबडला. म्हणाला, "तसं नाही, पण नाताळ पुरवणीत चांगला बसेल."

मी डिसेंबरातही पाठवला. त्या पुरवणीत केकच्या चार पाककृती आल्या, वांद्र्याच्या माउंट मेरीचा रात्रीचा फोटो आला आणि सांताक्लॉजचे मूळ कोणत्या देशात यावर अर्धे पान आले. लेख आला नाही. मला राग आला नाही असे म्हटले तर खोटे ठरेल, आणि खोटी साक्ष देऊ नये हे आम्हांला लहानपणीच शिकवतात.

त्या मुलाचा दोष नाही. तुमच्या कचेरीत एक कप्पा आहे, त्यावर 'ख्रिश्चन' लिहिलेले आहे आणि तो वर्षातून एकदा उघडतो. त्या कप्प्यात बसेल तेवढेच आमचे छापून येते. मला बोलायचे आहे ते या कप्प्याविषयी.

आधी एक गोष्ट तुमच्याच धंद्यातली. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक नगरहून १८४२ साली निघाले. 'केसरी' निघायला त्यानंतर ३९ वर्षे जायची होती. बाबा पदमनजींनी त्याचे संपादन केले, पुढे लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी नारायण वामन टिळकांनी आपल्या अखेरच्या वर्षांत त्याची मराठी बाजू सांभाळली. आणि तुमच्या अग्रलेखांत जो स्वल्पविराम आणि पूर्णविराम पडतो, तो मराठीत रुळवण्यात ज्यांचा मोठा वाटा ते मेजर कँडी. त्यांचे सहकारी मोल्सवर्थ धर्माच्या ओढीने सैन्यातली नोकरी सोडून बसलेले गृहस्थ; त्यांचा १८३१ चा कोश अजून चाळल्याशिवाय जुन्या मराठीचे पान हलत नाही. हे दोघे इंग्रज होते, त्यांना मी आमचे म्हणत नाही. पण पदमनजी बेळगावचे. १८५७ साली त्यांनी विधवांच्या हालांवर 'यमुनापर्यटन' लिहिले, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना तिचा उल्लेख एका वाक्यात उरकतो. मी स्वतः चाळीस वर्षे तो एका वाक्यात उरकला. पाठ्यपुस्तकात तेवढाच होता.

आता शब्दांकडे येते, कारण शिक्षिकेला दुसरे काय सुचणार.

दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वाहिनीच्या पट्टीवर 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' असे फिरते. अहो, तो प्रभूच्या मरणाचा दिवस. आम्ही त्याला उत्तम शुक्रवार म्हणतो, त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते, क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचने होतात, पुष्कळ घरांत चूल थंड असते. सुतकाच्या घरी जाऊन कोणी अभिनंदन करत नाही. शुभेच्छा द्यायच्याच तर दोन दिवस थांबून पुनरुत्थानाच्या रविवारी द्या. तो आमचा खरा मोठा सण, नाताळाहून मोठा. त्या दिवशी मात्र तुमच्याकडे काहीच नसते.

प्रत्येक धर्मगुरूला 'फादर' म्हणणे हे दुसरे. फादर कॅथलिकांचे, ते लग्न करत नाहीत. आमच्या प्रोटेस्टंट मंडळींत पाळक असतात, त्यांना रेव्हरंड म्हणतात, आणि त्यांना बायकामुले असतात. एका बातमीत 'फादर अमुक आणि त्यांच्या पत्नी' असे वाचले तेव्हा आमच्या पाळकबाई आठवडाभर हसत होत्या. कॅथलिकांचा मिस्सा, आमची उपासना, आमच्यात प्रभुभोजन. मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मीत, तर गणवेश असतो आणि अधिकाऱ्यांना कॅप्टन, मेजर म्हणतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही निरनिराळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन झालेली संस्था १९७० साली स्थापन झाली ती आपल्या नागपुरात. हे सगळे लक्षात ठेवा असे म्हणत नाही. पण वारकऱ्यांच्या दिंडीचा वार्ताहर फड, दिंडी आणि विणेकरी यांत गल्लत करत नाही, कारण केली तर दुसऱ्या दिवशी फोन वाजतो. आमचे फोन वाजत नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आम्ही १० लाख ८० हजारांच्या आसपास होतो, म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. हे मला कळते. पण शंभरातला एकही तुमचे वर्तमानपत्र पैसे देऊनच घेतो.

मोठ्या चुकीचे एक उदाहरण. २००८ साली केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळाले तेव्हा 'पहिल्या भारतीय संत' असे सर्रास लिहिले गेले. पहिल्या भारतीय स्त्रीसंत म्हणायला हवे होते. कारण भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत वसईचे होते. गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. व्यापारासाठी जपानला गेले, तिथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये पोपनी त्यांना संत म्हणून घोषित केले. केरळच्या आधी १४६ वर्षे. चर्चगेटहून लोकलने तासा-दीड तासावर असलेल्या गावचा माणूस, आणि मुंबईच्या मराठी वर्तमानपत्रांना तो आठवला नाही.

वसईचे नाव निघाले की तुम्हांला चिमाजी अप्पा आठवतात. आठवायलाच हवेत; १७३९ चा वेढा आम्हीही शाळेत अभिमानाने शिकवला. पण किल्ला जिंकल्यावर तिथली ख्रिस्ती रयत काही जहाजात बसून लिस्बनला गेली नाही. ती इथलीच होती. सामवेदी, वाडवळ, कोळी. शेती करणारी, केळीचे लोंगर वाहणारी, मासे मारणारी, मराठीच्या बोली बोलणारी. चर्चला तिथली जुनी माणसे अजून देऊळ म्हणतात. त्या मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी एकच मथळा दिला: पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. काही जणांनी त्यांच्या निवडीला विरोध केला, त्याचीही बातमी झाली. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. पण दोन्हींमध्ये माणूस एकच शब्द उरला होता, ख्रिस्ती. 'सुवार्ता' मासिक ज्याने १९८३ पासून जवळजवळ पाव शतक चालवले, हरित वसईसाठी जो बिल्डर आणि गुंडांच्या समोर उभा राहिला, तो त्या मथळ्यात कुठेच नव्हता. जुलै २०२४ मध्ये ते गेले. मृत्युलेख चांगले आले, हे कबूल करते. माणूस गेल्यावर आपल्याकडे चांगलेच लिहितात.

त्याच वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली ती तुकोबांवर. आणि आमचे टिळक म्हणत, मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. नगरच्या चर्चमध्ये टिळकांची भजने आजही टाळ-तबल्यावर म्हणतात, त्यांच्यात अभंगाचा ठेका इतका मुरलेला आहे की नवख्या माणसाला आपण देहूत आहोत की काय असे वाटावे. ख्रिस्ती कीर्तन ही चीज तुमच्यापैकी कितींनी ऐकली आहे? पूर्वरंग, उत्तररंग, बुक्का तेवढा नाही, आणि आख्यान उधळ्या पुत्राचे. माझ्या लहानपणी आमच्या बोळात रात्रभर कीर्तन चाले आणि शेजारची सगळी हिंदू आळी ऐकायला बसे.

आता रमाबाईंविषयी. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण तुम्ही आमच्यातले एखादे नाव डिसेंबराबाहेर घेता, तर ते पंडिता रमाबाईंचे, आणि तेही अर्धेच घेता.

रमाबाई तुमच्या पानांवर दोन रूपांत येतात. एकात त्या थोर समाजसुधारक असतात: विधवांसाठी शारदासदन, १८८९ साली मुंबईत, मग पुण्यात, काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला गेलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक, नंतर केडगावचे मुक्तिसदन. या लेखात त्यांचा धर्म एखाद्या आजारासारखा हळूच झाकलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या लेखात त्या फक्त धर्म बदललेली बाई असतात, आणि बाकी सगळे झाकलेले असते. हे दुसरे रूप नवे नाही. शारदासदनात मुलींना बाटवतात म्हणून 'केसरी'ने त्या काळी रान उठवले होते, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली. तो वाद खरा होता, त्यात दोन्हीकडे काही म्हणण्यासारखे होते, आणि तो पुन्हा छापला तर माझी हरकत नाही. पण पुढचेही छापा.

१८९६–९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि तिथून शेकडो मुली, विधवा केडगावला घेऊन आली. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे काय होते यावर तिने इंग्रजी पत्रात उघड लिहिले आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. त्याच वर्षी लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. शारदासदनावरून एकमेकांसमोर उभी राहिलेली ही दोन माणसे एकाच वर्षी, एकाच प्लेगावरून, एकाच सरकारला नकोशी झाली. हा योगायोग कोणा स्तंभलेखकाला मोहात पाडत नाही याचे मला नवल वाटते.

आणि तिची श्रद्धा म्हणजे मिशनऱ्यांनी सांगितले आणि हिने मान डोलावली, अशी मुळीच नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर काही महिन्यांतच तिचे तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी खटके उडू लागले. ती पत्रे छापलेली आहेत, मिळवून वाचा. मी तुमच्या चर्चचा हुकूम नव्हे, बायबल मानते, असा तिचा सूर. मांसाहार केला नाही, साधी पांढरी साडी सोडली नाही. गुरू होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाशी ती भांडली, आधी शास्त्रीबुवांशी, मग बिशपांशी. शेवटच्या वर्षांत तिने संपूर्ण बायबल हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठीत आणले. बाजारहाट करणाऱ्या बाईला समजेल अशा मराठीत. त्याची छपाई झाली ती केडगावच्याच छापखान्यात, मुक्तीतल्या बायकांच्या हातून. एका बाईने केलेले एवढे मोठे भाषांतर, आणि मराठी भाषांतराच्या चर्चेत त्याचे नाव नाही. का? धार्मिक पुस्तक म्हणून? मग ज्ञानेश्वरी काय आहे?

आम्ही स्वतः रमाबाईंचे काय केले हेही सांगायला हवे. आमच्या चर्चमध्ये त्यांची तसबीर असते, ५ एप्रिलला हार घालतात, आणि भाषणात त्यांच्या प्रश्नांविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. त्या बाईला दोन्हीकडून सोवळे नेसवले आहे.

लक्ष्मीबाईंचे तसे झाले नाही, कारण 'स्मृतिचित्रे' कोणाला सोवळे नेसवू देत नाही. नवऱ्याने १८९५ मध्ये न सांगता बाप्तिस्मा घेतला, पाच वर्षे दोघे दुरावलेले, मग १९०० मध्ये बाई स्वतःच्या पायांनी चालत त्या धर्मात आली. स्वतःच्या फजितीला हसणारे असे पुस्तक मराठीत दुसरे दाखवा. बालकवींना पोटच्या मुलासारखे सांभाळले ते याच घराने. हे पुस्तक वगळून मराठी गद्य शिकवता येत नाही. आणि तुमच्या कचेरीतून मला सांगितले जाते, डिसेंबरमध्ये पाठवा.

क्रिकेट तुमच्याकडे रोज असते, म्हणून तिथले एक. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत धर्मावर आधारलेल्या संघांची स्पर्धा होई: हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन. उरलेल्यांना, म्हणजे भारतीय ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध वगैरेंना, १९३७ पासून एक पाचवा संघ मिळाला. त्याचे अधिकृत नावच होते 'द रेस्ट'. इतर. त्या इतरांकडून १९४३–४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध एक सांगलीचा माणूस फॉलोऑननंतर उतरला. संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ त्याच्या एकट्याच्या. विजय सॅम्युएल हजारे. एका टोकाला त्याचा भाऊ विवेक उभा होता, दोघांनी ३०० धावांची भागी केली, त्यात विवेकच्या २१. सामना अर्थातच हरले. पुढे हाच माणूस १९४८ मध्ये अ‍ॅडलेडला दोन्ही डावांत शतके ठोकून आला, आणि १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तोच होता. दर वर्षी तुम्ही विजय हजारे करंडकाच्या बातम्या देता. हा मराठी ख्रिस्ती घरातला मुलगा, हे तुम्ही लिहा असा माझा हट्ट नाही; उलट न लिहिता त्याला नुसता हजारे ठेवलात याचा मला आनंदच आहे. चंदू बोर्डेंचेही तसेच. मला हवे आहे ते हेच. बाकीच्यांनाही असे नुसते ठेवा. 'इतर' नावाचा संघ मोडून तर कधीचाच गेला.

जोसेफ बॅप्टिस्टांना लोक 'काका' म्हणत. माझगावच्या माथारपाखाडीचे ईस्ट इंडियन बॅरिस्टर. ईस्ट इंडियन हे नाव इंग्रजी, १८८७ मध्ये घेतलेले. माणसे मुंबईच्या गावठाणांतली, मूळची मराठी बोलणारी. लोकमान्यांचे ते इतके विश्वासातले, की १९१६ मध्ये होमरूल लीग निघाली तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढे मुंबईचे महापौर झाले. मुंबईच्या मराठीपणावर तुम्ही वर्षातून किती अग्रलेख लिहिता, त्यांतल्या एकात काका आले तर बिघडणार नाही.

इतका वेळ मी जी नावे घेतली त्यांकडे पुन्हा पाहा. रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई. चित्पावन, चित्पावन, चित्पावन. पाहिलेत? तुम्ही विसरता ते आम्हांला, आणि आम्ही विसरतो ते आमच्यातल्या बहुसंख्यांना. नगर, जालना, सोलापूर या भागांतले बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग घरांतून आलेले आहेत. माझे पणजोबाही. नारायण शेषाद्रींचे नाव इतिहासात आहे, कारण ते ब्राह्मण होते. १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत परत आला, आणि त्याला जातीत घ्यावे म्हणून दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर सनातन्यांशी झगडले. तुमचे आद्य संपादक. दर ६ जानेवारीला हार घालता, तेव्हा हेही सांगायला हरकत नाही. शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. त्या गावात राहायला आलेल्या मांग कुटुंबांपैकी एकाचे तरी नाव तुम्ही-आम्ही सांगू शकतो का? मी नाही सांगू शकत.

पणजोबांची गोष्ट घरात सांगतात ती अशी. शतक उलटताना दुष्काळ पडला, गावात पाणवठा आधीच बंद होता, आता कामही नव्हते. मिशनने खडी फोडायचे काम काढले होते, तिथे संध्याकाळी ज्वारी मिळे. ते गेले, राहिले, दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. आयुष्यभर त्यांना टोमणा ऐकावा लागला की भाकरीसाठी धर्म सोडला. ते म्हणत, भाकरीसाठी तर गेलोच होतो, पण ज्याने पंगतीला बसवून दिली त्याच्याजवळ राहिलो. धर्मांतरावर तुमच्याकडे चर्चेचे कार्यक्रम होतात, चार चौकटींत चार वक्ते ओरडतात, आमिष हा शब्द शंभरदा येतो. पाचव्या चौकटीत एकदा अशा घरातला कोणी बसवा. तो तुम्हांला आमिष काय आणि पाणी काय यांतला फरक सांगेल. आणि हेही सांगेल की आमच्या काही चर्चमध्ये अजून कोण कुठल्या घरातून आले हे लग्नाच्या वेळी विचारले जाते. पाळक व्यासपीठावरून सगळे एका शरीराचे अवयव म्हणतात आणि सोयरिकीला अवयव वेगळे होतात.

या लोकांची एक बातमी गेली पंचाहत्तर वर्षे ताजी आहे, ती तुम्ही देत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात, तिसऱ्या परिच्छेदात, अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या धरल्या. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतले, १९९० मध्ये बौद्धांना. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेर राहिले. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका आहे, रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा असे सांगितले, २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. याच्या विरुद्ध बाजूचेही म्हणणे आहे: तुमच्या धर्मात जात नाही म्हणता, मग जातीची सवलत कशी मागता? प्रश्न बिनतोड वाटतो. पण एकाच वस्तीत दोन सख्खे चुलतभाऊ, एक बौद्ध, एक ख्रिस्ती, आडनाव एक, गावाने दोघांना दिलेली वागणूक एक, आणि दाखला एकालाच, हे चित्र नगर जिल्ह्यात पाहायला फार हिंडावे लागत नाही. बाजू कुठलीही घ्या. पण वार्ताहर पाठवा.

आणि वार्ताहर पाठवाल तेव्हा आमच्या भानगडीही छापा. हे मी मुद्दाम लिहिते आहे. चर्चच्या जमिनी, जुन्या मिशनचे बंगले, शाळांची मैदाने, यांचे व्यवहार कसे होतात, विश्वस्त कसे निवडले जातात, धर्मादाय आयुक्तांकडे आणि कोर्टात किती तंटे पडून आहेत, हे तुमच्या शोधपत्रकारांना कधी खुणावत नाही. एखाद्या देवस्थानच्या ट्रस्टमध्ये असे झाले तर आठ दिवस मथळे असतात. आमच्याबाबतीत तुम्ही कानाडोळा करता. कोणी त्याला अल्पसंख्याकांचा मान म्हणेल, मला ती बेपर्वाई वाटते. आमच्या भल्याभोळ्या मंडळींना यामुळे वालीच उरत नाही. आमचे काही पुढारी माझ्यावर हे वाचून रागावतील. रागावू देत.

एक शेवटचे, आणि हे करायला अगदी सोपे आहे. मरियेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला. त्या सुमारास वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते, तिचे फोटो तुम्ही पहिल्या पानावर देता. त्याच दिवसांत श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. मतमाउली, किती सुंदर शब्द आहे पाहा. विठाई माउली म्हणणाऱ्यांनीच तो घडवला असणार. मराठवाड्यातून, नाशिककडून, पुण्याकडून माणसे येतात, कित्येक पायी. नवस असतात, नारळ असतात, भेळेच्या आणि बांगड्यांच्या गाड्या असतात, पावसाचा चिखल असतो. हिंदू बायकाही ओटी घेऊन येतात. जिल्हा आवृत्तीत आतल्या पानावर चार ओळी येतात, मुंबई-पुण्याच्या आवृत्तीत तेवढ्याही नाहीत. येत्या सप्टेंबरात एक छायाचित्रकार पाठवा. एस.टी. श्रीरामपूरपर्यंत येते, पुढे रिक्षा मिळतात.

लक्ष्मीबाईंवरचा लेख या पत्रासोबत पुन्हा जोडला आहे. शब्द नऊशेच आहेत, एकही वाढवलेला नाही. २४ फेब्रुवारीला अजून वेळ आहे.

आपली,
नगरची एक निवृत्त मराठी शिक्षिका